विक्रोळीचं इंजिन, पवईचा बूस्टर, ट्रॉम्बेची ऊब: चंद्रावर माणूस पाठवायचा तर नेमकं काय बदलावं लागतं?

गोदरेज म्हटलं की आपल्याकडं सगळ्यात आधी काय आठवतं? कपाट. लग्नात आलेलं, तीन घरं बदलली तरी न हललेलं, आतल्या लॉकरची किल्ली फक्त आजीकडं असलेलं. त्यानंतर कुलूप, मग फ्रीज.

१८९७ मध्ये कुलुपांपासून सुरू झालेल्या या कंपनीनं देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या बनवल्या, त्या विक्रोळीत. घाटकोपर आणि मुलुंडच्या मधल्या याच विक्रोळीत आज आणखी एक गोष्ट बनते, ती म्हणजे रॉकेटचं इंजिन.

१४ जुलै २०२३ च्या दुपारी श्रीहरिकोटाहून चांद्रयान-३ उडालं. त्याला नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटसाठी विकास इंजिन, सीई-२० क्रायोजेनिक इंजिन आणि यानाला दिशा देणारे छोटे थ्रस्टर, असं बरंच सामान गोदरेजनं पुरवलं होतं. त्याच रॉकेटच्या दोन्ही बाजूंच्या बूस्टरचे मोठे भाग पवईतल्या एल अँड टीच्या कारखान्यात तयार झाले होते. आणि यानासोबत उष्णता देणारी दोन छोटी यंत्रं गेली होती, ती बनवली होती भाभा अणुसंशोधन केंद्रानं, म्हणजे ट्रॉम्बेच्या बीएआरसीनं.

पवई, विक्रोळी आणि ट्रॉम्बे. तिन्ही ठिकाणं मुंबई उपनगर जिल्ह्यातलीच.

पण चांद्रयान-३ मध्ये माणूस नव्हता. आता भारताचं पुढचं ध्येय माणसाचं आहे. मग ज्या यंत्रांनी यान चंद्रापर्यंत पोचवलं, त्याच यंत्रांवर माणूस बसवायचा तर काय बदलतं? जे बदलतं त्यातलं बरंचसं काम या उपनगरांतल्या वर्कशॉपमधून जातं. ते समजून घेऊया.

२०४० चं टार्गेट काय आहे?

१७ ऑक्टोबर २०२३ ला, म्हणजे चांद्रयान-३ उतरल्यानंतर दोनेक महिन्यांत, पंतप्रधान नरेंद्र मोदींनी इस्रोपुढं दोन तारखा ठेवल्या. २०३५ पर्यंत भारताचं स्वतःचं अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर पहिला भारतीय.

आजवर चंद्रावर चाललेली माणसं किती? फक्त १२. सगळे अमेरिकेचे, सगळे १९६९ ते १९७२ या काळातले. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ चे अंतराळवीर परत निघाले, त्यानंतर चंद्राच्या मातीवर कुणाचंही पाऊल पडलेलं नाही. अमेरिका आता आर्टेमिस मोहिमेतून पुन्हा तिकडं निघाली आहे, चीनची स्वतंत्र तयारी सुरू आहे. भारतानं जून २०२३ मध्ये आर्टेमिस करारावर सही केली, पण स्वतःचा मार्गही सोडलेला नाही.

त्या मार्गावरचं पहिलं स्टेशन म्हणजे गगनयान. यात भारतीय अंतराळवीर पृथ्वीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर जाऊन परत येणार आहेत. प्रशांत बालकृष्णन नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशू शुक्ला या चार जणांची नावं २७ फेब्रुवारी २०२४ ला जाहीर झाली.

गगनयानसाठी इस्रोनं नवं रॉकेट बनवायला घेतलं नाही. चांद्रयान-३ नेणारं एलव्हीएम-३ च निवडलं. फक्त त्याला एक अवघड परीक्षा पास व्हायला सांगितलं. त्या परीक्षेचं नाव ह्यूमन रेटिंग, मराठीत म्हणायचं तर मानव-मान्यता.

मानव-मान्यता म्हणजे काय रे भाऊ?

सोप्या भाषेत सांगायचं तर ट्रक आणि स्कूल बस यांच्यातला फरक. इंजिन एकाच कंपनीचं असेल, चाकंही तीच असतील. पण आत मुलं बसणार म्हटल्यावर ब्रेक वेगळे तपासले जातात, बाहेर पडायला इमर्जन्सी दरवाजा लागतो, आणि एखादा भाग बिघडला तरी बस उलटणार नाही याची खात्री लागते.

रॉकेटच्या बाबतीत यात ढोबळमानानं चार गोष्टी येतात.

पहिली, वाढीव ताकद. एखाद्या भागावर उड्डाणात जेवढा ताण येणार, त्यापेक्षा बराच जास्त ताण तो सोसू शकतो हे आधी दाखवावं लागतं.

दुसरी, जोडीला पर्याय. एक सेन्सर बंद पडला तर दुसरा, एक सील फसलं तर मागं आणखी एक.

तिसरी, सुटकेची वाट. रॉकेट बिघडतंय हे कॉम्प्युटरनं क्षणात ओळखायचं आणि अंतराळवीरांचं कुपी रॉकेटपासून दूर उडवून न्यायचं.

चौथी, कागद. प्रत्येक भागाचा धातू कुठल्या बॅचचा, वेल्डिंग कुणी केलं, कधी केलं, एक्स-रेमध्ये काय दिसलं, याची नोंद. काही बिघडलं तर कारणापर्यंत मागं चालत जाता आलं पाहिजे.

यातली तिसरी गोष्ट इस्रोनं २१ ऑक्टोबर २०२३ ला सगळ्या देशासमोर तपासली. टीव्ही-डी१ नावाच्या या चाचणीत विकास इंजिनाची बदललेली आवृत्ती असलेलं छोटं रॉकेट उडणार होतं. काउंटडाऊन शून्याच्या ५ सेकंद आधी थांबलं. कॉम्प्युटरला काहीतरी खटकलं आणि त्यानं उड्डाण रोखलं. लाईव्ह बघणाऱ्या अनेकांना वाटलं, झालं, फसलं. पण गडबड शोधून, दुरुस्त करून त्याच दिवशी सकाळी १० वाजता रॉकेट उडालं. सुटका यंत्रणेनं कुपी वेगळी केली, पॅराशूट उघडले आणि ती समुद्रात उतरली.

माणसाच्या मोहिमेत रॉकेटला उडता येण्याइतकंच थांबता येणंही महत्त्वाचं असतं. यंत्रालाही आणि यंत्र चालवणाऱ्यांनाही.

जून २०२५ मध्ये याचा प्रत्यय आला. शुभांशू शुक्ला अॅक्सिअम-४ मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाणार होते. फाल्कन-९ रॉकेटच्या चाचणीत द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली. उड्डाण पुढं ढकललं, गळती दुरुस्त झाली आणि २५ जूनला शुक्ला निघाले. १५ जुलैला ते सुखरूप परतले. राकेश शर्मांच्या १९८४ च्या प्रवासानंतर पृथ्वीच्या कक्षेत गेलेले ते दुसरे भारतीय. त्या आठवड्यांत सोशल मीडियावर 'आणखी किती वेळा पुढं ढकलणार' अशी चेष्टा सुरू होती. गळती असताना उड्डाण झालं असतं तर काय, हा प्रश्न फार कमी जणांनी विचारला.

पवई: सांधा आणि कुकरची रिंग

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस पवईला एल अँड टीचं आवार बघतोच. इथल्या कारखान्यात एलव्हीएम-३ च्या एस-२०० बूस्टरचे भाग तयार होतात. चांद्रयान-३ साठी बूस्टरचा वरचा भाग, मधला भाग आणि नॉझलकडची मोठी कडी इथं बनवून दाबाखाली तपासली गेली. व्यास ३.२ मीटर. म्हणजे हा भाग आडवा ठेवला तर त्यात उंचपुरा माणूस हात वर करून आरामात उभा राहील.

नोव्हेंबर २०२० मध्ये, कोविडच्या दिवसांत, गगनयानसाठीच्या बूस्टरचा पहिला मधला भाग पवईतूनच इस्रोकडं रवाना झाला. लांबी ८.५ मीटर, वजन साधारण साडेपाच टन.

आता यात एवढं अवघड काय, एक मोठा लोखंडी डबाच तर आहे, असं वाटू शकतं. तर गंमत अशी की या डब्यात साधारण २०० टन घन इंधन भरलं जातं. १३ मे २०२२ ला श्रीहरिकोटाला माणसासाठीच्या बूस्टरची, म्हणजे एचएस-२०० ची, जमिनीवर चाचणी झाली. २०३ टन इंधन १३५ सेकंदांत जळालं. म्हणजे सेकंदाला साधारण दीड टन. आणि घन इंधनाची अडचण ही की ते एकदा पेटलं की विझवता येत नाही. दिवाळीच्या रॉकेटसारखंच, वात पेटली की संपला विषय.

एवढा मोठा बूस्टर एका तुकड्यात बनत नाही. तो तीन भागांत बनतो आणि श्रीहरिकोटाला एकमेकांवर जोडला जातो. त्यामुळं सगळ्यात नाजूक जागा कुठली? सांधा.

घरातल्या प्रेशर कुकरची रिंग सैल झाली तर काय होतं? शिट्टी होत नाही, वाफ झाकणाच्या कडेनं निघून जाते. फार तर डाळ कच्ची राहते. रॉकेटच्या सांध्यातही अशीच रबराची रिंग असते, तिला ओ-रिंग म्हणतात. फरक एवढाच की आत वाफेऐवजी हजारो अंशांचा पेटता वायू असतो.

२८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेच्या चॅलेंजर यानाच्या बूस्टरमधली अशीच एक रिंग थंडीनं कडक झाली आणि सांधा नीट बंद झाला नाही. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान आकाशातच तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअर्सनी आदल्या रात्री थंडीचा धोका सांगितला होता. तरी उड्डाण झालं.

म्हणूनच गगनयानच्या बूस्टरमध्ये धातूच्या भागांच्या सांध्यांना जास्तीची सुरक्षा आणि पर्यायी व्यवस्था दिली आहे. बाहेरून बघितलं तर हा बूस्टर चांद्रयान-३ च्या बूस्टरसारखाच दिसतो. बदल आहे तो या न दिसणाऱ्या जागी. १८ डिसेंबर २०२४ ला गगनयानच्या पहिल्या मानवरहित उड्डाणासाठी या बूस्टरचे भाग एकमेकांवर चढवायला श्रीहरिकोटाला सुरुवात झाली.

अर्थात हे काम एकट्या पवईचं नाही. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर साखरेसाठी माहीत असतं, पण तिथली वालचंदनगर इंडस्ट्रीज अनेक वर्षं इस्रोच्या रॉकेटचे भाग बनवते आहे.

विक्रोळी: कागदाच्या द्रोणात उकळलेलं पाणी

बूस्टरचं काम साधारण सव्वादोन मिनिटांत संपतं. ते संपता संपता रॉकेटच्या मधल्या टप्प्यातली दोन विकास इंजिनं पेटतात. त्यानंतर वरच्या टप्प्यातलं एकच सीई-२० इंजिन दहा मिनिटांहून जास्त वेळ जळतं. चांद्रयान-३ उड्डाणानंतर साधारण १६ मिनिटांत रॉकेटपासून वेगळं झालं, त्यातला मोठा वेळ या एका इंजिनाचा होता.

विकास इंजिनाची मुळं फ्रान्सच्या व्हायकिंग इंजिनात आहेत. १९७० च्या दशकात इस्रोचे इंजिनिअर तिकडं जाऊन हे तंत्रज्ञान शिकून आले. याची दोन द्रव्यं एकमेकांना भेटली की आपोआप पेटतात, ठिणगी लागत नाही. हा गुण लक्षात ठेवा, चंद्रावर गेल्यावर तो पुन्हा कामाला येणार आहे.

सीई-२० चं प्रकरण जास्त अवघड आहे. यात द्रवरूप हायड्रोजन असतो उणे २५३ अंशांना आणि द्रवरूप ऑक्सिजन असतो उणे १८३ अंशांना. दोन्ही एकत्र जळतात तेव्हा तापमान ३००० अंशांच्या वर जातं. लोखंड साधारण १५०० अंशांना वितळतं. मग हे इंजिन स्वतःच का वितळत नाही?

शाळेत हा प्रयोग अनेकांनी केला असेल. कागदाच्या द्रोणात पाणी घ्यायचं आणि खाली मेणबत्ती धरायची. पाणी तापतं, पण कागद जळत नाही, कारण उष्णता पाणी ओढून घेतं. क्रायोजेनिक इंजिनात तेच केलं जातं. ज्वलन कक्षाच्या भिंतीत बारीक नाल्या कोरलेल्या असतात. जळण्याआधी थंडगार हायड्रोजन या नाल्यांमधून फिरतो, भिंतीची उष्णता घेतो आणि मगच आत जाऊन जळतो. इंधनच इंजिनाला थंड ठेवतं.

आता कल्पना करा, यातली एक नाली थोडी बुजली आहे. किंवा आतली आणि बाहेरची भिंत जोडताना केसाएवढी फट राहिली आहे. तेवढ्या जागेत थंडावा पोचणार नाही आणि भिंत जळून जाईल. म्हणून हे सांधे निर्वात भट्टीत धातू वितळवून जोडले जातात, तपासले जातात, पुन्हा तपासले जातात. कपाट बनवणाऱ्या कंपनीचं नाव इथं ऐकून आश्चर्य वाटतं खरं, पण पत्रा, वेल्डिंग आणि मोजमाप यात हात बसायला वर्षं लागतात. गोदरेज १९८० च्या दशकापासून इस्रोसोबत काम करते आहे.

छोटी चूक किती महाग पडते याचं उदाहरण आपल्याकडंच आहे. १२ ऑगस्ट २०२१ ला जीएसएलव्ही-एफ१० रॉकेट उडालं, पण वरचा क्रायोजेनिक टप्पा पेटलाच नाही आणि उपग्रह गेला. चौकशीत कळलं की हायड्रोजन टाकीच्या एका झडपेतलं मऊ सील खराब झालं होतं. त्यामुळं गळती झाली आणि टाकीत पुरेसा दाब राहिला नाही. ते रॉकेट वेगळं होतं आणि त्यावर माणूस नव्हता. पण धडा माणसाच्या मोहिमेसाठीही तोच आहे.

मग सीई-२० माणसासाठी चालेल हे कसं ठरवलं? तर जाळून. तामिळनाडूत महेंद्रगिरीला इस्रोचं चाचणी केंद्र आहे. तिथं ४ इंजिनं वेगवेगळ्या परिस्थितीत ३९ वेळा पेटवली. एकूण वेळ ८,८१० सेकंद, म्हणजे जवळपास अडीच तास. नियमानुसार किमान गरज होती ६,३५० सेकंदांची. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेवटची चाचणी झाली आणि इंजिनाला मानव-मान्यता मिळाली.

एका उड्डाणात हे इंजिन जेमतेम दहा-अकरा मिनिटं जळतं. त्या दहा मिनिटांच्या भरवशासाठी जमिनीवर अडीच तास.

ट्रॉम्बे: चंद्रावरची रात्र

समजा रॉकेटनं काम चोख केलं आणि यान उतरलं. पुढचा शत्रू कोण? रात्र.

चंद्रावरचा एक दिवस पृथ्वीच्या साधारण १४ दिवसांचा आणि रात्रही तेवढीच. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम लँडर उतरलं तेव्हा तिथं सकाळ होती. त्यावरच्या उपकरणानं जमिनीचं तापमान मोजलं, तर वर साधारण ५० अंश आणि फक्त ८ सेंटिमीटर खाली उणे १० अंश. ही झाली दिवसाची गोष्ट. रात्री पारा उणे २०० अंशांच्या आसपास जातो.

सप्टेंबरच्या सुरुवातीला विक्रम आणि प्रज्ञानला झोपवलं. २२ सप्टेंबरला पुन्हा ऊन आल्यावर इस्रोनं हाक मारून बघितली, पण उत्तर आलं नाही. याला अपयश म्हणता येत नाही, कारण दोघांची रचनाच एका दिवसासाठी होती. पण माणसांना राहायचं असेल तर रात्रीचं बघावंच लागेल.

आणि इथं एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. अपोलोच्या सहाही मोहिमा चंद्राच्या सकाळी उतरल्या. सगळ्यात लांबचा मुक्काम अपोलो-१७ चा, साधारण ७५ तासांचा. म्हणजे आजवर एकाही माणसानं चंद्रावर रात्र काढलेली नाही.

रात्री सौर पॅनल बंद, बॅटरी गोठते, सांधे आखडतात. त्यावर एक उपाय म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थाची ऊब. असा पदार्थ आपोआप विघटित होत राहतो आणि उष्णता देत राहतो, ऊन असो वा नसो. सोव्हिएत रशियाच्या लुनोखोद-१ या गाडीनं १९७० मध्ये अशाच उबेवर चंद्रावरच्या रात्री काढल्या होत्या.

भारताची सुरुवात ट्रॉम्बेतून झाली. चांद्रयान-३ च्या प्रोपल्शन मॉड्यूलवर, म्हणजे लँडरला चंद्राच्या कक्षेपर्यंत नेणाऱ्या भागावर, बीएआरसीनं बनवलेली दोन उष्णता यंत्रं बसवली होती. प्रत्येकी १ वॉटची. आपल्या घरातल्या झिरोच्या बल्बपेक्षाही कमी. वजन वाढेल म्हणून ती लँडरवर बसवली नव्हती. ही चाचणी होती. उद्याच्या लँडर आणि रोव्हरना रात्र काढायची तर अशी यंत्रं मोठी, जास्त आणि पूर्ण सुरक्षित करावी लागतील.

मग अजून काय काय बाकी आहे?

खरं सांगायचं तर बरंच.

गगनयान ४०० किलोमीटरवर जाणार. चंद्र आहे साधारण ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. ४०० किलोमीटरवर काही बिघडलं तर काही तासांत घरी येता येतं. अपोलोला चंद्रापर्यंत जायलाच तीन दिवस लागायचे.

पहिली अडचण वजनाची. रोव्हरसकट विक्रम लँडर साधारण पावणेदोन टनांचं होतं. माणसं उतरवणारं अपोलोचं यान होतं साधारण १५ टनांचं. एलव्हीएम-३ ला हा भार झेपणारा नाही. म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं नव्या पिढीच्या रॉकेटला मंजुरी दिली, खर्च ८,२४० कोटी रुपये. हे रॉकेट पृथ्वीजवळच्या कक्षेत ३० टनांपर्यंत वजन नेईल आणि त्याचा पहिला टप्पा पुन्हा वापरता येईल, असं नियोजन आहे. चंद्रावर माणूस उतरवायला त्याहूनही मोठी ताकद किंवा अनेक उड्डाणं लागतील.

अनेक उड्डाणं म्हणजे अंतराळात जोडणी. ती इस्रोनं १६ जानेवारी २०२५ ला करून दाखवली. स्पेडेक्स मोहिमेत साधारण २२० किलोचे दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले गेले. पुढची परीक्षा चांद्रयान-४. याचे भाग दोन रॉकेटमधून जातील, वर जोडले जातील, चंद्रावर उतरतील आणि माती घेऊन परत येतील.

दुसरी अडचण परतीची. चंद्रावर लाँचपॅड नाही, तंत्रज्ञ नाहीत, बदली इंजिन नाही. निघायच्या वेळी इंजिन पेटलं नाही तर वाट बघायलाही कुणी येत नाही. अपोलोनं यासाठी मुद्दाम साधं इंजिन निवडलं होतं, दोन द्रव्यं भेटली की पेटणारं, ठिणगीशिवायचं. विकास इंजिनाचा तोच गुण. विक्रम लँडरची इंजिनंही याच प्रकारची. ३ सप्टेंबर २०२३ ला विक्रमनं चंद्रावरच इंजिन पुन्हा पेटवून साधारण ४० सेंटिमीटरची उडी मारली. उंची एका पाटाएवढी असेल, पण चंद्रावरून परत निघण्याचा भारताचा तो पहिला सराव होता.

तिसरी अडचण घरात शिरण्याची. पृथ्वीच्या कक्षेतून परतताना वेग असतो सेकंदाला पावणेआठ किलोमीटर, चंद्रावरून येताना साधारण ११ किलोमीटर. वेग दीडपटीपेक्षा कमी वाढतो, पण ऊर्जा जवळपास दुप्पट होते. ती सगळी कुपीच्या तळाच्या कवचाला सोसावी लागते.

याशिवाय स्पेससूट, किरणोत्सर्गापासून बचाव आणि चंद्राची धूळ. तिथं वारा-पाऊस नसल्यानं धुळीचे कण झिजून गोल होत नाहीत, काचेच्या चुऱ्यासारखे धारदार राहतात आणि सगळ्या सांध्यांत शिरतात.

उपनगरांसाठी याचा अर्थ काय?

यातला एक प्रश्न तंत्रज्ञानापेक्षा माणसांचा आहे. रॉकेटची इंजिनं गाड्यांसारखी दिवसाला शेकड्यानं लागत नाहीत. वर्षाला मोजकी उड्डाणं, मोजकी इंजिनं. पण ती बनवणारा वेल्डर, मशिनवरचा ऑपरेटर, एक्स-रे वाचणारा तपासनीस, यांचा हात वर्षभर चालता राहिला पाहिजे. काम थांबलं तर कौशल्य गंजतं आणि ते पुन्हा घडवायला वर्षं जातात. २०४० ची मोहीम ज्यांच्या हातून जाणार, त्यातले अनेक जण आज शाळेत किंवा आयटीआयमध्ये असतील. त्यांना शिकवणारे मात्र पुढच्या काही वर्षांत निवृत्त होतील. मधल्या काळात काम सुरू राहिलं तरच हे ज्ञान हातातून हातात जाईल.

दुसरा प्रश्न आपला, म्हणजे बघणाऱ्यांचा. गगनयानचं वेळापत्रक पुढं सरकत आलं आहे आणि पुढच्या वाटेवरही तारखा हलतील. एखादी चाचणी ५ सेकंद आधी थांबेल, कुठं गळती सापडेल. अशा प्रत्येक वेळी मीम बनतील. चालायचंच. पण चॅलेंजरच्या आदल्या रात्री इंजिनिअर्स थांबा म्हणत होते आणि वेळापत्रक चला म्हणत होतं, हेही आठवलेलं बरं.

चांद्रयान-२ चं लँडर सप्टेंबर २०१९ मध्ये आदळलं, तेव्हा देश हळहळला आणि चार वर्षांनी पुन्हा प्रयत्न करता आला. माणसाच्या मोहिमेत अशी दुसरी संधी नसते. म्हणून २०४० ची तयारी ही पवईच्या सांध्यात जास्तीच्या सुरक्षेची, विक्रोळीच्या इंजिनासाठी अडीच तासांच्या आगीची आणि ट्रॉम्बेच्या १ वॉट उबेची आहे. यातलं काहीही टीव्हीवर दिसत नाही. पण उद्या चंद्रावरून परत निघताना बटण दाबणारा भारतीय याच गोष्टींवर भरवसा ठेवून ते दाबणार आहे.